रिठदची सोयरीक आणि गव्हातली वेल

मामाचा निरोप आला, "शेवंतीसाठी रिठदचं स्थळ हाय, घर पाहाले ये." मी भंडाऱ्याकडं भाताच्या गिरणीत पोती उचलतो, खानावळीत जेवतो. शाळा चौथीतच सुटली, पण तिकडं एक गोष्ट डोळ्यांनी शिकलो. गरिबाच्या ताटात तिथं लाखोळीची डाळ असते, दिसायला तुरीसारखीच. महिनोन्‌महिने तीच खाणारे धडधाकट गडी चवड्यांवर चालू लागतात, गुडघ्याला गुडघा घासतो, मग हातात काठी येते. म्हणून धाकट्या बहिणीचं, शेवंतीचं, सासर पाहायला निघालो तो संशय सोबत घेऊनच.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून कारंज्याची लहान गाडी धरली. ती इतकी सावकाश, की उतरून हरभरा उपटावा अन् परत चढावं. कारंज्यात घरी एक मुक्काम केला, मग मामासोबत मोटारीनं मंगरूळवरून वाशीम. जाणाऱ्यांनी भाडं आधी ठरवावं आणि मागच्या बाकावर बसू नये, सगळी धूळ तिथंच येते.

वाशीमला पाव्हण्यांची बैलबंडी उभी होती. हाकायला नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ, महादा. माघ सरत आलेला, गहू ओंब्यांवर. वाटेच्या कडेला, बांधावर, गव्हात, जिकडं तिकडं एक वेल चढलेली, जांभळी फुलं, शेंगा लागलेल्या.

"हे काय हो?"

"काई नाई. गवत."

एवढंच बोलला. मला ते खटकलं. रिठदला उतरताना त्यानं घोंगडीखालून काठी काढली अन् ती टेकत लंगडत निघाला; मला गिरणीकडचे गडी आठवले.

ओसरीवर ताटं वाढली होती. भाकर, ठेचा, पिवळं वरण. आमच्याकडं घर पसंत असल्याशिवाय तिथं कोणी जेवत नाही. घास घेतला की सोयरीक पक्की. मामा पाटावर बसू लागला. मी म्हणालो, "आधी शेत पाहून येतो."

घरामागच्या गव्हात जाऊन एक वेल उपटली. लाखोळीला लांब, गवतासारख्या पानांची एकच जोडी असते, देठाला दोन्हीकडून पंखासारख्या पात्या. हिला पानं फणीसारखी, पुष्कळ जोड्या. देठ साधा. तरी भरवसा वाटेना, म्हणून वाळकी शेंग फोडली. लाखोळीचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा कोनदार. हे दाणे गोल, काळपट. म्हणजे लाखोळी नव्हे, रानवटाणा. पण शेतातलं ठीक, मडक्यातलं काय?

"पाव्हणे, पोरगी द्याले आले का गहू घ्याले?" मागं नवऱ्याची आई उभी.

मी सगळं सांगून टाकलं. काठीचंही.

"ही वेल माह्या सासऱ्याच्या वक्ताले नव्हती. बाहेरच्या बियान्यासंगं आली. आता बैल खातेत, आमी उपटतो," ती म्हणाली. "अन् महादाच्या पायावरून बंडीचं चाक गेलं. एकच पाय अधू हाय, दुसरा धड हाय, पाहून घ्या." मग आतून सूप भरून डाळ आणली. दाणे चिमटीत धरून पाहिले, कोनदार एकही नव्हता. तूरच होती.

"झालं समाधान? आता तुमी सांगा. तिकडं खानावळीत तुमी काय खाता?"

वाढपी वाढतो ते खातो. कधी विचारलं नव्हतं.

"मंग चालून दाखवा आंगनात. आमाले बी पाहू द्या, नवरीचा भाऊ कसा हाय तं."

महादा काठीवर हनुवटी टेकून हसून राह्यला होता. सगळ्यांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. पाऊल टाकताना वाटलं, टाच नीट टेकते ना? परत येऊन मुकाट्यानं पाटावर बसलो. वरण दोनदा मागून घेतलं.

घरी पोचलो तर शेवंती अंगण सारवत होती. तिला सगळं सांगितलं, रानवटाण्याची शेंग हातावर ठेवली. तिनं दाणे पदरात बांधले. "तिथं गेल्यावर सुपातली डाळ मी बी पाहीन," म्हणाली.

मी मात्र ओल्या सारवणावरून चालत गेलो आणि वळून वाकून पावलं पाहू लागलो.

"टाच उमटली रे दादा," ती ओरडली, "दोन्ही उमटल्या! आता हे आंगन सारवाले तुही खानावळ येईन का?"

उद्या परत गिरणीवर. पहिल्या जेवणाला वाढप्याकडं कच्ची डाळ दाखव म्हणून मागणार आहे. दाखवली नाही, तर ती खानावळ सोडणार.