गास्पार मास्तर मास्तर का झाला

शाळेच्या मागे, बाभळीखाली, मी पोरांसाठी चवळी-भात शिजवते. माझं नाव लामूसा. पण गास्पार मास्तराने मला या नावाने कधी हाक मारली नाही. तो मला "ए गुलामीण" म्हणायचा आणि मी त्याला "कुत्राखाऊ". तो सामो जमातीचा, आम्ही सगळं गाव मोसी. सामो आणि मोसी यांचं थट्टेचं नातं आमच्या पणज्यांच्याही आधीपासून चालत आलेलं आहे. सामोने मोसीला वाट्टेल ते बोलावं, मोसीने सामोला त्याहून वाईट बोलावं, आणि जो चिडला तो गाढव. दोन मोसी भाऊ कुऱ्हाडी घेऊन उठले आणि मध्ये सामो येऊन उभा राहिला, तर कुऱ्हाडी खाली ठेवाव्या लागतात. थट्टेच्या माणसाला नाही म्हणायचं नसतं.

म्हणून गास्पार मोटारसायकलच्या मागे गादी बांधून गावात आला, तेव्हा गावाला सण झाल्यासारखं वाटलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "काय रे कुत्राखाऊ, तू मास्तर का झालास?"

"माझ्या गुलामांना मोजता यायला नको? नाहीतर माझी कुत्री कोण मोजून ठेवणार?"

झालं! तेव्हापासून जो भेटेल तो हाच प्रश्न विचारायचा आणि गास्पार दर वेळी नवं उत्तर द्यायचा. गावप्रमुखाला म्हणाला, "मोसी घोड्यावरून पडतात फार. निदान जमिनीवर पडल्या पडल्या नाव तरी लिहिता यावं." बाजरीची दारू विकणाऱ्या बायांना म्हणाला, "बायको मिळावी म्हणून झालो. मिळाली नाही. आता तुमच्यातलीच एखादी दात नसलेली बघतो." बाया त्याला लाकूड घेऊन मारायला धावल्या आणि दारू फुकट पाजली.

खरं उत्तर त्याने एकदाच दिलं, आणि ते मला.

आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग एक वर्षाआड भरतो. नावं घालायच्या दिवशी पोरं लोटतात आणि बाक असतात थोडे. कुणाचं वय किती, हे आईलाही धड ठाऊक नसतं. मग उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. बोटं कानाला लागली तर पोर शाळेजोगं झालं, नाही लागली तर घरी जा. त्या वर्षी तिबोची टालातो आली होती. तिबो माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. एवढीशी पोर, बोटं कपाळाच्या कडेलाच लोंबत होती. गास्पारने भलतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोचला हात. बस."

"डोळे फुटले का रे कुत्राखाऊ?" मी ओरडले. "बोटं कुठे, कान कुठे!"

तो हसला नाही. दुपारी चुलीपाशी येऊन बसला आणि चवळीतले खडे वेचू लागला.

"आमच्या शाळेत एकच जागा उरली होती," तो म्हणाला. "बापाने आम्हा दोघांना नेलं. मला आणि माझ्या बहिणीला, क्लारिसला. ज्याचा हात पोचेल तो बसेल, म्हणाला. तिचा सहज पोचायचा. माझा पोचेना. मी रडायला लागलो. मास्तर कुणाशी बोलायला वळले, तशी तिने मागून माझं कोपर धरलं आणि असं ओढलं की खांदा निघून येईल. बोटं कानाला लागली. मास्तर म्हणाले, पोचला, बस. मग तिची पाळी आली. तिने मुद्दाम हात आखडून धरला."

"का?"

"मी रडत होतो म्हणून. एवढंच. तीसुद्धा केवढी होती? दोन वर्षांनी पुन्हा जाईन, म्हणाली होती. तोवर आत्या येऊन घेऊन गेली तिला."

"आणि आता?"

"असते गावी. भजी तळते. मी गेलो की फोन पुढे करते, मी तिला आलेले निरोप वाचून दाखवतो. म्हणते, बघ, बरं झालं तू शिकलास." त्याने वेचलेले खडे लांब फेकले. "मग मी मास्तर झालो, म्हातारे. दुसरं काय करणार होतो?"

मी त्याला करपलेला भात खरवडून दिला, त्याला तो आवडायचा.

टालातो शिकली. नुसती शिकली नाही, वर्गापुढे धावली. शेवटच्या वर्गात गेली तेव्हा गास्पार धाकट्यांना तिच्या हवाली करून दुसऱ्या वर्गावर जायचा. वर्ष सरताना परीक्षा होती. ती पास झाली की पुढची मोठी शाळा. त्याच वर्षी तिबोचा बाप अंथरुणाला खिळला आणि तिबोची मोठी बहीण पोको बापाला बघायला दूरच्या आबिजान शहरातून आली. येताना चमकदार कापडं आणली आणि जाताना न्यायला टालातो मागितली. तिच्या घरात लहान पोरं होती, हाताखाली कुणीतरी हवं होतं. बापाच्या बहिणीने भावाची मुलगी मागितली, तर आमच्यात नाही कोण म्हणतो? टालातोची आई एकच पातेलं घासत बसली.

गास्पार तिबोकडे पुन्हा पुन्हा गेला. तिबो लांबूनच ओरडायचा, "आला कुत्राखाऊ! पिल्लं आत घ्या!"

"तिबो, मी आज खरंच बोलायला आलोय. पोरीची परीक्षा..."

"खरंच बोलायला! ऐका रे, सामो खरं बोलणार आहे!" तिबो डोळ्यांत पाणी येईतो हसायचा आणि त्याच्या हातावर पाहुण्याला चघळायला देतात ती कोलाची बी ठेवायचा. इथेच सगळं अडलं होतं. थट्टेत मागेल ते त्याला मिळायचं, खरं बोलायला मात्र आमच्या गावात त्याला तोंडच नव्हतं.

मग तिबोचा म्हातारा बाप गेला. खड्डा खणून झाला, तिरडी आली, आणि गास्पारने खड्ड्यात उडी टाकून अंग पसरलं. मोसीच्या मयतात हा सामोचा हक्कच, काही मिळाल्याशिवाय खड्ड्यातून उठायचं नाही. तो म्हाताऱ्यासारखा खोकला, म्हाताऱ्यासारखाच सुनांना शिव्या घातल्या, आणि रडता रडता सगळ्यांना हसू फुटलं. असंच असतं, मेल्या माणसाला हसत पाठवायचं.

"ऊठ रे," तिबो म्हणाला. "कोंबडी घे."

"नको."

"दारू घे. कोंबडा पण घे."

"टालातो दे. परीक्षा होईपर्यंत ती शाळेतून हलणार नाही. दे, नाहीतर बापाला परत घरी ने."

मग तिबो हसला. "घे बाबा, घे! दिली पोरगी! ऊठ आता, बाप ताटकळलाय माझा." पोकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

गास्पार मातीने माखून वर आला आणि सरळ माझ्याकडे आला. "मिळाली, म्हातारे," म्हणाला. मलाही वाटलं, मिळाली. उघड्या खड्ड्यापाशी दिलेला शब्द कोण मोडेल?

पुढच्याच बाजाराच्या दिवशी पोको टालातोला घेऊन बसमध्ये बसली. गास्पार फळ्यावर लिहीत होता. पोरांनी येऊन सांगितलं, तेव्हा तो खडू हातात धरूनच धावला. बसची धूळसुद्धा खाली बसली होती. मग तो तिबोच्या अंगणात गेला, आणि मी भाताचा डाव घेऊन त्याच्या मागे.

"तू शब्द दिला होतास," गास्पार म्हणाला.

तिबो खरोखर गोंधळला. "मास्तर, ती तर मयताची थट्टा होती. तूसुद्धा हसत होतास की."

"मी हसत नव्हतो."

तिबोला हसूच आलं. मग ते ओसरलं आणि तो ओट्यावर मटकन बसला. "बापाची माती ओली आहे अजून. थोरल्या बहिणीला मी नाही कोणत्या तोंडाने म्हणू? सांग ना."

मी डाव उगारला आणि तसाच खाली घेतला. कुणाला मारणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"बरं आहे, तिबोकाका," गास्पार शांतपणे म्हणाला. "येतो मी. घरी सगळ्यांना नमस्कार सांगा."

ना शिवी, ना थट्टा. सामो मोसीला नमस्कार सांगत होता!

त्या दिवसापासून त्याने आम्हाला एकही शिवी दिली नाही. मी ओरडले, "ए कुत्राखाऊ, खरवड ठेवलीय, गीळ!" तर म्हणाला, "आभारी आहे, लामूसाबाई." मी चुलीपाशी बसून रडले, धुराचं निमित्त करून. दारूवाल्या बाया त्याला रस्त्यात अडवून घाण घाण बोलल्या. त्याने त्यांच्या पोराबाळांची खुशाली विचारली. बायांनी पदर सावरले आणि निघून गेल्या. असा माणूस गावात राहतो खरा, पण आपला राहत नाही. टालातोची खबर कुणालाच नव्हती. परीक्षा झाली, निकाल लागला, पाऊस येऊन गेला.

आणि पुन्हा पहिलीचा दिवस आला. तिबो आपल्या धाकट्या मुलीला घेऊन आला. तीही एवढीशीच. रांगेत उभ्या उभ्या त्याला राहवेना. खूप दिवसांनी तो मोठ्याने म्हणाला, "ए कुत्राखाऊ! सांग की, तू मास्तर का झालास?"

सगळी माणसं वळली. तिबोचा चेहरा मला दिसत होता. शिवीची भीकच मागत होता तो.

गास्पारने त्याच्याकडे पाहिलं. "शाळेत माझी बहीण जाणार होती, काका," तो म्हणाला. "तिने मला पुढे ढकललं. म्हणून."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी, मग सगळेच. किती दिवसांनी मास्तराची थट्टा परत आली होती! तिबो तर मांडीवर थापा मारून हसला. "अरे, बाईने ढकललेला मास्तर!" मी डाव हातात घेऊन उभी होते. सांगायला तोंड उघडलं, पण त्या हसण्यात माझं कोण ऐकणार?

गास्पार धाकटीच्या मागे गेला. तिची बोटं कपाळाच्या कडेला लोंबत होती. त्याने तिचं कोपर धरलं आणि ओढलं, बोटं कानाला लागेपर्यंत. पोरीने ओठ दाबले, पण रडली नाही.

"पोचला हात," तो म्हणाला. "बस."

लोक अजून हसतच होते.