फोनवर नीट बोल

लोकांच्या बोलण्यावरच माझं पोट चाललं. हिंदीत एम.ए. करून एका कचेरीत भाषांतरं केली, मग धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. ते काम संपल्यावर जळगावात पिंप्राळ्याला कॉम्प्युटर क्लास काढला. आता पन्नाशी उलटल्यावर इंटरनेटवरच्या एका प्रकल्पासाठी फुकट राबतो. कॉम्प्युटरला आपली खान्देशी बोली समजावी म्हणून माणसांचे आवाज गोळा करायचे, एवढंच काम. म्हाताऱ्या बायकांचे आवाज फार कमी होते. मी मोठ्या तोऱ्यात कळवलं, माझी बहीण आहे.

अक्का पाचोऱ्याजवळच्या खेड्यात राहते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी दोन रविवार मोटरसायकल हाणत तिच्याकडे गेलो. मोबाइल समोर ठेवला की ती पदर सावरून बसायची.

"मी सकाळी लवकर उठते. नंतर मी देवपूजा करते."

"अक्का, तसं नाही. कापसाचं सांग. शेजारणीशी बोलतेस तसं."

"आमच्या शेतात कापूस आहे. तो पांढरा असतो."

मी समजावलं, विनवलं, शेवटी चिडलो. मोबाइल खिशात गेला रे गेला की ही भिंतीपलीकडच्या शेजारणीला ओरडून सगळा कापूस वेचून झाला का विचारायची, "काय करी ऱ्हायनी वं? कापूस बठ्ठा येचाई गया का?" डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

तिसऱ्या रविवारी मी दारापुढच्या ओट्यावर पेपरखाली मोबाइल चालू ठेवून दिला. शेजारीण आली, दोघींनी गावातल्या प्रत्येक सुनेची हजेरी घेतली. आवाज एकदम लख्ख आला. घरी येऊन अपलोड करायला बसलो, तर फॉर्मवर पहिलाच प्रश्न: बोलणाऱ्या व्यक्तीची परवानगी घेतली आहे का? 'हो'वर बोट ठेवलं होतं, हेही सांगून टाकतो. दाबवलं नाही.

पुढच्या रविवारी तिला ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"काढून टाक."

"अगं, यात लाजण्यासारखं काय आहे?"

"हे तू मला विचारतोस?"

 मी एक्स्चेंजला नवा असताना ती गावच्या पोस्टातून फोन करून जेवलास का विचारायची, "जेवना का रे भाऊ?" पलीकडच्या बोर्डावरचे सगळे ऑपरेटर कान लावून असायचे. मग आठवडाभर जो तो मला विचारी, "काय साहेब, जेवना का?" दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी तिला बजावलं होतं, फोनवर नीट बोल, नाहीतर करूच नकोस.  पुढे दिराच्या मुलीची शाळेची पुस्तकं वाचून आणि रेडिओ ऐकून ती नीट बोलायला शिकली. मला हायसं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिच्यासमोरच रेकॉर्डिंग काढून टाकलं. म्हटलं, "प्रकल्प गेला खड्ड्यात. तू माझ्याशी तरी तसं बोल. मोबाइल बंद आहे, बघ."

तिनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"तुझ्याशी नाही येत आता," ती म्हणाली. "जीभच वळत नाही. बस, चहा टाकते."