समोरच्या दाराचं नाव

इंदूबाईचा जन्म पातूरच्या मळ्यात गेला. पहाटे मेथी उपटायची, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या आणि नवऱ्यासोबत अकोल्याच्या बाजारात दुकान मांडायचं. तिथं दिवसभर तोंडाला आराम नसे. नवरा गेला, गुडघ्यांनीही साथ सोडली, तेव्हा मुलगा किशोर तिला अमरावतीला घेऊन आला. मळा दिराकडे राहिला.

किशोर आणि सून वर्षाली सकाळीच नोकरीला जात. जाताना वर्षाली न विसरता सांगे, "आई, दार आतून लावून घ्या. कोणी वाजवलं तर आधी विचारा." पण दार कोणी वाजवतच नसे. तिसऱ्या मजल्यावर सगळी दारं सारखी, सगळी बंद. भाजी निवडायला इंदूबाई मुद्दाम उंबऱ्यात बसायची. जिन्यानं जाणारे लोक मोबाइलमध्ये बघत तिला वळसा घालून जायचे.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. दारावर पाटी नव्हती. दूध घेताना समोरासमोर आले की ते मान हलवायचे, तीही हलवायची. त्यापुढे बोलणं कधी गेलं नाही. पण त्यांचा टीव्ही दिवसभर मोठ्यानं चाले. दुपारी चटईवर पडल्या पडल्या तो आवाज ऐकला, की माणसांत असल्यासारखं तिला वाटे.

थंडीच्या दिवसांत एकदा त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली दिसली. टीव्ही तर चालू होता. झोप लागली असेल, असं म्हणून ती घरात गेली. दुसऱ्या सकाळी पिशव्या दोन झाल्या. तिनं दार वाजवलं, हाका मारल्या. मग किशोरला फोन केला.

पोलिसांनी दार उघडलं तेव्हा ते खुर्चीतच गेलेले होते.

"काय नाव होतं यांचं?" शिपायानं विचारलं.

तीन वर्षं समोर राहून इंदूबाईला ते ठाऊक नव्हतं. शेवटी कपाटातल्या आधार कार्डावरून कळलं. भगवंत सरोदे.

मुलगी बंगळुरूहून निघाली होती. दवाखान्यातून आणलेला देह ती येईपर्यंत बैठकीत ठेवला होता. सोसायटीतले लोक येऊन, हात जोडून आपापल्या घरी गेले. मयताजवळ कोणी नाही, हे इंदूबाईला बघवेना. तिनं आपली चटई आणली आणि भिंतीला टेकून तिथंच बसली. किशोर बोलवायला आला.

"आई, आपले कोनी हायेत का ते? घरी चाल."

"त्याईची पोरगी येईपर्यंत बसतो. तू जाय."

मुलगी आली, प्राजक्ता तिचं नाव. आधी खूप रडली. मग इंदूबाईचा हात धरून तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही रोज भेटायच्या ना बाबांना? माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

खोटं बोलायला इंदूबाईची जीभ वळेना आणि खरं सांगायला मन होईना. "सकायी दूध घ्याले येत होते," एवढंच ती म्हणाली.

तेरवी बंगळुरूलाच झाली. समोरच्या दाराला कुलूप लागलं.

त्यानंतर इंदूबाई दुपारी एकेक दार वाजवू लागली. कोणी साखळी न काढताच फटीतून बघत, कोणी आतूनच विचारत, "काही काम होतं का?"

"काम नाई बाई. इथं कोन रायते ते मालूम असावं म्हनून आली. नाव काय तुमचं?"

नाव सांगून लोक दार लावून घेत. दुसऱ्या मजल्यावरच्या रागिणीनं मात्र तिला आत बसवलं, चहा दिला. पण तिचं ऑफिसचं काम घरूनच चाले. कानात यंत्र घालून ती पडद्याशी बोलू लागली आणि इंदूबाई कप धुऊन ठेवून परत आली.

आठवड्याभरात सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली. किशोरनं जेवताना विषय काढला. "लोकाईले त्रास होते, आई. नको जात जाऊ कोनाकडे." त्याचा सूर रागाचा नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं.

"मले पातूरले नेऊन दे," ती म्हणाली.

किशोरनं रविवारी नेऊन सोडलं. जाऊ गोदाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, सगळे सतरंजीवर बसले असताना तिच्यासाठी आतून खुर्ची आणवली. सकाळी इंदूबाई मळ्याकडे निघाली तर गोदाबाईनं अडवलं. "तुमी कायले त्रास घेता? चार दिवस आराम करा." ओळखीच्या बाया आल्या. तब्येत, नातवंडं विचारून झाली, आणि मग त्या आपसात बोलू लागल्या. कोणाच्या लग्नात काय झालं, कोणाची विहीर आटली. त्यातलं निम्मं इंदूबाईला कळत नव्हतं. कळलेलं दाखवायला ती मधूनमधून हसत होती.

महिनाभर राहते म्हणून आलेली ती पाचव्या दिवशी बसमध्ये बसली. अकोल्याला गाडी बदलून, संध्याकाळी अमरावतीला पोचली आणि एकटीच जिना चढली.

किशोरनं दार उघडलं. "कावून लवकर आली? काई झालं का तिकडं?"

"काई नाई," ती चपला काढत म्हणाली. "बस भेटली."