चौसष्ट दात्यांची गरारी

कारध्याचा परसराम एका जागी स्वस्थ बसलेला गावात कोणी पाहिला नव्हता. जेवतानासुद्धा त्याचा गुडघा हलायचा. त्याने राईस मिल सोडली, विडीचा कारखाना सोडला, मॅंगनीजची खाण तर पंधरा दिवसांत सोडली. "इथं काय ठेवलं हाय?" एवढंच त्याचं कारण असायचं. जग पुढे चाललंय आणि आपण मागे राहतोय, ही हुरहुर त्याच्या जिवाला लागलेली. घर चालत होतं ते बायकोमुळे, तुळसामुळे.

तुळसा दर उन्हाळ्यात वैनगंगेच्या पात्रात डांगरवाडी लावायची. नदी आटली की उघड्या पडलेल्या रेतीचे तुकडे पाडायचे आणि गावाने चिठ्ठ्या काढायच्या. ज्याला जो तुकडा येईल तिथे त्याने खड्डे खणून, शेणखत घालून टरबुजांचे वेल वाढवायचे. १९७९ साली तुळसाच्या चिठ्ठीत थेट पाण्याकाठचा तुकडा निघाला. तिथून सडक अर्धा मैल आणि मधे घोटाभर रेती. बैलगाडी तिथे रुतायची, म्हणून बायका टोपल्या डोक्यावर घेऊन माल वर आणत. पंधरा वर्षं वाहून तुळसाची मान कामातून गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता डोक्यावर ओझं घेतलंत तर हात लुळा पडेल.

तिने वाडी सोडायचं ठरवलं. ते ऐकून परसराम ताटावरून उठला.

"सोडू नोको. मी गाडी बनवतो."

"तुमी?" तुळसा हसली. "अजी, खाट विनाले घेतली थेबी अर्धीच हाय."

पण या खेपेला परसरामने मनावर घेतलं. मोडक्या फटफटीचं इंजिन आणलं, पुढे तिचंच चाक ठेवलं, मागे जीपची दोन जाडजूड चाकं बसवली. रुंद चाक रेतीत रुतणार नाही, हा त्याचा हिशेब, आणि तो बरोबरच होता. गाडी रुतली नाही. फक्त हललीही नाही. क्लच सोडला की इंजिन एक आचका देई आणि गप्प होई. रेतीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. परसरामच्या अंगाचा तिळपापड झाला.

तो तसाच भंडाऱ्याला हिरालाल लेथवाल्याकडे गेला. हिरालालने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला वेड्यात काढलं.

"चाक मोठं केलंस, मंग एका फेऱ्यात गाडी जादा पुढं जाते. तेवढा जोर इंजिनानं कुठून आनाचा? मांगची गरारी मोठी कर. दाते वाढले का जोर वाढते अन् चाल कमी होते. दोन्ही नाई भेटत, गड्या."

मागच्या दातेरी चाकाला, म्हणजे गरारीला, बेचाळीस दाते होते. हिरालालने चौसष्टची कापून दिली. चेन लांब केली, टायरांतली अर्धी हवा सोडली आणि गाडी बारा टोपल्या घेऊन रेतीतून सरसर वर आली. तुळसा रिकाम्या हाताने शेजारून चालत होती. सडकेवर पोचल्यावर तिने मान हळूच डावी-उजवीकडे वळवून पाहिली. परसरामला त्या दिवशी फार बरं वाटलं.

बरं वाटणं त्याला आठ दिवस पुरलं. वाळूत शहाणी वाटणारी ती चाल सडकेवर आली की त्याचा जीव खाई. इंजिन बोंबलत राही आणि सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. एका सकाळी तर म्हातारा श्यामराव बैलबंडी घेऊन पुढे निघाला आणि वळून म्हणाला, "येऊन राह्यला का मांगून?" झालं! परसरामने त्याच दुपारी मोठी गरारी काढली, जुनी बेचाळीसची चढवली आणि सडकेवर गाडी पिटाळून आला. तुळसाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी भरलेली गाडी रेतीत अर्ध्या वाटेवर बंद पडली. पुन्हा पुन्हा किक मारून त्याचा पाय भरून आला. शेवटी मोठी गरारी आणायला तो घराकडे पळत सुटला. काठावर चढून त्याने सहज मागे पाहिलं. तुळसा टोपली डोक्यावर घेऊन येत होती. एका हाताने टोपली धरलेली, दुसरा मानेवर. चार पावलं टाकायची, थांबायची. पंधरा उन्हाळे ती अशीच येत होती आणि तो दर वेळी दुसरीकडे कुठेतरी होता.

तो धावत खाली आला.

"उतरव थे. उतरव म्हन्तो ना!"

"माल खराब होते जी उनात."

त्याने टोपली ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुरुषाने डोक्यावर टोपली घेण्याची कारध्यात रीत नव्हती. बाया या वेळी हसल्या नाहीत. बाराही टोपल्या त्याने एकेक करून वर नेल्या. शेवटच्या खेपेला त्याला मान वळवता येईना, आणि तो रेतीत बसून लेकरासारखा रडला.

मोठी गरारी चढली ती पुढे आठ उन्हाळे उतरली नाही. एकदा सडकेवर एक बैलबंडी त्यांना मागे टाकून गेली, तेव्हा शेजारून चालणाऱ्या तुळसाने मुद्दाम विचारलं, "आज घाई नाई का जी?"

"पुढं काय ठेवलं हाय?" परसराम म्हणाला. गुडघा मात्र त्याचा हलतच होता.