बियरच्या बादलीत हात घातला

बायांनो, कोणी घरी बियर केलीय का? लवकर सांगा, जीव टांगणीला लागलाय.

व्याह्यांनी, म्हणजे मुलीच्या गोऱ्या सासऱ्यांनी, हौसेनं बियरचं किट दिलं. काल यीस्ट टाकून बादली बंद केली. आज सकाळी बघते तर एक बुडबुडा नाही. म्हटलं, इडलीचं पीठ हाताने ढवळलं की कसं फुगतं. घातला हात कोपरापर्यंत!

मुलगी फोनवर किंचाळली, "मम्मी, लिड उघडायचंच नसतं! हात काय घालतेस?"

तेवढ्यात व्याह्यांचा फोन. आमच्या ह्यांनी ठोकून दिलं, "मस्त फसफसतंय!" झालं, ते उद्या बघायला येतायत.

दुपारपासून बादलीला दुलई गुंडाळून कान लावून बसलेय. काही आवाज नाही. हात साबणाने धुतला होता हो मी! तेवढ्यानं मेलं असेल का यीस्ट? की व्याह्यांना आजच खरं सांगून टाकू?