डाव्या दिव्याचं कुंकू

ठमाबाई नवी नवरी होऊन मखमलाबादच्या मळ्यात आली, त्याच आठवड्यात तिने भिंतीआडून सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं. भांडण कंदिलाचं होतं. पहाटे बैलगाडी भाजी घेऊन नाशकाला निघायची आणि सासरे खंडेराव कंदील लावायला तयार नव्हते.

"बैलांना वाट पाठ हाय. रॉकेल कशापायी जाळू?"

"कंदील बैलांसाठी नसतो," सासूबाई नवसाबाई म्हणाल्या. "समोरून येणाऱ्यासाठी असतो. आपला दिवा आपल्याला कुठं दिसतोय?"

"मग समोरच्याकडून रॉकेल मागून आण."

यावर नवसाबाई काय बोलल्या ते कळलं नाही, कारण एक पातेलं आदळलं आणि बोलणं त्यात बुडालं. पण गाडी निघाली तेव्हा तिच्याखाली पेटता कंदील झुलत होता. या घरात कोणाचं चालतं, ते नव्या नवरीने कोणाला विचारलं नाही.

आता ठमाबाई स्वतःच सासू होऊन जुनी झाली. बैल गेले, भाजीच्या जागी झेंडू-शेवंती आली आणि बैलगाडीच्या जागी मुलाची, दिनेशची, जुनी मोटार. दिनेशला कारखान्याची पाळी, म्हणून गाडी त्याची बायको सुवर्णा शिकली. मागची सीट पाडून फुलांच्या गोण्या भरायच्या आणि उजाडायच्या आत फुलबाजार गाठायचा. पुढच्या सीटवर ठमाबाई, मांडीवर शेवंतीची पाटी. तिला कोणी ये म्हटलेलं नव्हतं. सुवर्णाला सोबत नको का, असं ती म्हणायची. खरं तर तिला बाजार आवडायचा, तिथली घासाघीस आवडायची, परतीचा आल्याचा चहा आवडायचा. सीटवरून पाय खाली नीट टेकत नसत, तेही आवडायचं.

गाडीत तिला एक कामही होतं. चालवणाऱ्याला आपल्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. म्हणून निघण्याआधी ठमाबाई गाडीपुढे जाऊन उभी राहायची, दोन्हीकडे बघायची, "दोन्ही हायेत" म्हणायची आणि मग येऊन बसायची.

यंदा दिवाळी झाली आणि डावा दिवा रुसला. सुवर्णाने नवा बल्ब आणला. मेकॅनिककडे खोळंबण्यापेक्षा मोबाईलवर बघून घरीच बसवू, म्हणाली. दुकानदाराने बजावलं होतं, काचेला बोट लावू नका, खालच्या पत्र्याला धरा. म्हणून तिने बल्ब स्वच्छ फडक्यात धरून आणला, तुळशीच्या कट्ट्यावर अलगद ठेवला आणि बॉनेट उघडायला गेली.

ठमाबाई तेवढ्यात देवापुढची वात सारून बाहेर आली होती. घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लागतंच. विहिरीच्या मोटरला लागलं, मिक्सरला लागलं, मोबाईललाही लागलं. तेलाच्या बोटाला कुंकू छान चिकटतं. तिने काचेला एवढासा टिळा लावला आणि समाधानाने फुलं निवडायला बसली. काचेला बोट लावायचं नाही, हे तिनेही ऐकलं होतं. पण टिळा म्हणजे काही हात लावणं नव्हे, तो तर आशीर्वाद.

सुवर्णाने घाईत, टिळा न बघताच बल्ब बसवला. थोडेच दिवस गेले आणि आशीर्वाद विझला. पुन्हा नवा बल्ब, पुन्हा टिळा, पुन्हा अंधार.

"तुला बसवता येत नाही," दिनेश बायकोला म्हणायचा.

"मग तुम्ही बसवा की. कारखान्यात एवढी यंत्रं चालवता."

एका पहाटे कालव्याजवळ दिवा वाटेतच गेला. समोरच्या मोटारसायकलवाल्याला वाटलं, एकच दिवा म्हणजे आपल्यासारखाच कोणी येतोय. तो बिनधास्त अगदी अंगावर आला आणि शेवटच्या घटकेला गवतात उतरला. कोणाला खरचटलं नाही. पण दिनेशला कळलंच.

"एकडोळी गाडी नको मला," तो म्हणाला. "आणखी एक बल्ब गेला की गाडी विकली. फुलं टेम्पोने जातील."

"टेम्पोत मी कुठं बसू?" ठमाबाईने विचारलं.

"तू घरी बस ना, आई. या वयात माणसं घरीच बसतात."

 त्या दिवशी ठमाबाईच्या भाकऱ्या जरा जाड झाल्या.

रविवारी सुवर्णाने दोन बल्ब आणले, दोन्हीकडचे एकदमच बदलू म्हणून. बॉनेट उघडलं, वायरची पिन ओढली, रबरी टोपी काढली, तारेचा चाप दाबून जळका बल्ब बाहेर काढला आणि सासूच्या तळहातावर ठेवला.

"बघा आई, काचेला फोड आलाय. तेलकट काही लागलं की काच तिथंच तापते, असं दुकानदार म्हणत होता. पण मी तर फडक्याने धरला होता."

ठमाबाईने बघितलं. फोड बोटाच्या टोकाएवढा होता आणि कडेला तांबूस डाग होता. तिचं माहेर निफाडकडचं, द्राक्षाच्या बागेतलं. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागलं की त्यावरचा पांढुरका थर पुसतो आणि ते बोट बाजारापर्यंत दिसतं, म्हणून लहानपणी तिने पाठीत धपाटे खाल्ले होते. आता बोट दिसत होतं ते तिचंच.

गप्प राहता आलं असतं. यापुढे टिळा लावला नसता, दिवा टिकला असता, कोणाला कळलं नसतं. पण मग बल्ब बसवता येत नाही, हा बोल सुवर्णाच्याच माथी राहिला असता.

"ते कुंकू हाय," ठमाबाई म्हणाली.

"कसलं कुंकू?"

"माझं. दर बल्बाला लावत होते. देवाच्या तेलाचं."

सुवर्णा आधी बघतच राहिली, मग पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दिनेश बाहेर आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा चुन्याच्या डबीसारखा बंद झाला.

"म्हणजे मी इतके दिवस हिला बोलत होतो..."

"आता मला बोल," ठमाबाई म्हणाली. "घरीच बसायचंय, तर ऐकायला येळ हाय मला."

"संक्रांतीपर्यंत टिकू देत दिवे," तो म्हणाला. "मग बघू गाडीचं."

सुवर्णाने दोन्ही बल्ब बसवले. तोवर ठमाबाई हात पाठीमागे बांधून उभी होती. बोट लय शिवशिवत होतं. शेवटी तिने बॉनेटवर स्वस्तिक काढलं. पत्र्याला काही होत नाही.

संक्रांत झाली, तिळगूळ संपला, दोन्ही दिवे तसेच जळत होते. विकायचं दिनेशने नाव काढलं नाही. एका संध्याकाळी मात्र तो गाडीच्या काचेसाठी नवे वायपर घेऊन आला. पाऊस नाही, पाणी नाही, आणि वायपर. खंडेरावांच्या घराण्यात माघार तोंडाने घेत नाहीत.

दुसऱ्या पहाटे फुलं भरून झाली. सुवर्णाने गाडी चालू केली. ठमाबाई पदर कानांवर घेऊन गाडीपुढे गेली, आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. डोळे दिपले, सुवर्णा काही दिसेना.

"दोन्ही हायेत," ती म्हणाली, आणि पाटी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली.