बंद घरांच्या कौसल्याबाई

कौसल्याबाई कुठल्याही बंद घरात राहायला गेल्या की झाडू हातात घेण्याआधी चहा करायच्या. घर कितीही दिवसांचं बंद असो, जाळी डोक्याला लागत असोत, फरशीवर उंदरांच्या लेंड्या पडलेल्या असोत. बाई सोबत आणलेली छोटी शेगडी मधल्या खोलीत मांडणार, बिनदुधाचा गुळाचा चहा उकळणार आणि भिंतीला पाठ लावून निवांत पिणार. मी एकदा न राहवून म्हणालो, "अहो बाई, आधी झाडून तरी घ्या." तर म्हणाल्या, "झाडल्यानं धूळ जाती, गुरुजी. घराला आधी कळू तं द्या, मानूस आलंय म्हनून."

कळमनुरीच्या आमच्या गल्लीत आता माणसांपेक्षा कुलपं जास्त झाली आहेत. पोरं शिकली, पुण्याला, हैदराबादला नोकरीला लागली आणि त्यांच्यामागे म्हातारी माणसंही गेली. जाताना जो तो किल्ली माझ्याकडे ठेवून जातो. मी निवृत्त शिक्षक, म्हणजे मला काही उद्योग नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. "गुरुजी, अधूनमधून बघत जा." मी बघायचो, म्हणजे बाहेरून कुलूप बघायचो. आत वाळवी चौकट खाऊन मोकळी व्हायची, बोअरची मोटार जाम व्हायची, स्लॅबच्या फटीतून पिंपळ डोकं काढायचा. मालक दिवाळीला यायचे, कपाळाला हात लावायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की जणू पिंपळ मीच लावला होता.

अशात एके दिवशी दुपारी कौसल्याबाई माझ्या ओसरीवर आल्या. मूळच्या हट्टा गावच्या. नवरा वारलेला, पदरात एकच मुलगी, प्रज्ञा. शिवणकामावर पोट आणि मुलीला नर्सिंगला घालायचंच असा हट्ट. गावभर खोल्या बघून दमल्या होत्या. भाडं ऐकलं की पाय मागे फिरायचे. आणि परवडणारी खोली सापडलीच तर आडनाव सांगितल्यावर ती कालच कुणाला तरी दिलेली निघायची. हे सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं, भाजी महाग झाली म्हणावं तसं त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खुंटीवर गेली.

"हे काय, किल्ल्यांचं दुकान हाय व्हय?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी घरं मानसाबिगर मरून राहिली अन् मानसं घराबिगर. मंग गुरुजी, तुमी मधी बसून काय करून राहिले?"

मला राग आला. आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारलेल्या माणसाला असला प्रश्न झोंबतोच. पण त्या रागातच मी एका मालकाला फोन लावला.

बाईंच्या अटी त्यांनी स्वतःच ठरवल्या होत्या. भाडं द्यायचं नाही आणि पगारही घ्यायचा नाही. विजेचं बिल आपलं. मालकाची एक खोली कुलूपबंद राहील, तिला हात लावायचा नाही. मालकाची भांडी वापरायची नाहीत. बदल्यात घर जितं ठेवायचं. मोटार आठवड्याला चालवायची, पावसाआधी गच्चीचे पन्हाळे मोकळे करायचे, वाळवीवर नजर ठेवायची. लोकांना भीती एकच, बाई कब्जा करतील. बाईंना ती न सांगता कळली होती. दर दिवाळीला मालक यायच्या आदल्या दिवशी त्या आपलं शिलाई मशीन, दोन पेट्या आणि बुद्धाची छोटी मूर्ती हातगाड्यावर घालून माझ्या ओसरीत आणायच्या, घर सारवल्यासारखं लख्ख करून ठेवायच्या आणि किल्ली मालकाच्या हातात द्यायच्या. मालकाने परत दिली तर पुन्हा जायचं, नाही दिली तर माझी खुंटी होतीच. "त्यायच्या हातात किल्ली दिली की त्यायला बी झोप लागती अन् मला बी," म्हणायच्या.

स्वभावाने मात्र मऊ अजिबात नव्हत्या. दिवाळीला आलेल्या मालकाला त्याच्याच घरात ऐकवायच्या, "घर बांधलं तवा जीव टाकला अन् आता वर्साकाठी तोंड दाखवून राहिले!" गल्लीतल्या बायकांशी नळावरून भांडायच्या, माझ्याशी किल्ल्यांना चिठ्ठ्या नीट लावल्या नाहीत म्हणून भांडायच्या. एका मालकाने हैदराबादहून येऊन घरात कॅमेरा बसवला. बसल्या जागी मोबाईलवर घर दिसतं, म्हणून मोठ्या कौतुकाने बाईंना दाखवला. बाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मशीनवर झाकण घातलं आणि संध्याकाळच्या आत किल्ली माझ्यापुढे टाकली. "घर मी राखून राहिले, अन् मला कोन राखून राहिलं? त्या डब्ब्यालाच म्हना, पन्हाळे साफ कर." पुढच्या पावसाळ्यात त्या घराची भिंत छतापर्यंत ओली झाली. मालकाला ती मोबाईलवर स्पष्ट दिसत होती.

अशी घरं बदलत बदलत बाईंनी प्रज्ञाला शिकवलं. पोरगी नर्स झाली, नांदेडच्या दवाखान्यात लागली, आणि ज्या दिवशी ती पांढऱ्या कपड्यांत गल्लीत आली त्या दिवशी मी स्वतः पेढे वाटले. माझी कोणी नव्हती, तरी वाटले. ती आईला नांदेडला चल म्हणायची. बाई म्हणायच्या, "तिथं मी पाव्हनी व्हईन. इथं मी राहते."

या 'राहते' शब्दासाठी बाई किती हट्टी आहेत, ते मला यमुनाकाकूंच्या घरात कळलं.

काकूंचं घर माझ्या समोरच. पुढे स्लॅब, मागे पत्र्याची खोली. मुलगा विलास त्यांना पुण्याला घेऊन गेल्यापासून त्या घरात बाई राहत होत्या. एके दिवशी दारात गाडी थांबली. विलास उतरला, मागून काठी टेकत काकू. "आईचं तिथं मनच लागत नाही, गुरुजी. जेवण सोडलं हिने," विलास हताश होऊन म्हणाला. तोवर गाडी ओळखून बाईंनी पेट्या बांधायला घेतल्या होत्या. मालक आला की आपण निघायचं, हा त्यांचा नियम.

काकूंनी पेटीकडे पाहिलं. "कुठं चालली?"

"तुमी आलात नं, काकू."

"मी येऊन राहिले म्हनून तू काहून जाऊन राहिली? खोल्या काय कमी हायेत?"

बाई थांबल्या. काकू पुढे, बाई मागच्या पत्र्याच्या खोलीत. दोन चुली, दोन माठ. काकू जुन्या वळणाच्या. शिवाशिवीचं तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण माठ वेगळा राहिला. बाईंनीही तो विषय काढला नाही आणि पुढच्या माठाला हात लावला नाही. मग एका दुपारी बाईंनी अंबाडीची भाजी केली, लसणाची फोडणी घातली, आणि काकू ताट घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. "कवाचा वास येऊन राहिला. वाढती का न्हाई?" बाईंनी शांतपणे विचारलं, "पानी कोनतं पिनार?" काकूंनी ताट पुढे केलं. मग म्हणाल्या, "हेच. पुढं कोन जातंय आता." पुढचा माठ त्या दिवसापासून कोरडा पडला. हे मला काकूंनीच सांगितलं, तेही जरा तोऱ्यात.

विलास मुलगा वाईट नव्हता. आईची तब्येत सुधारलेली पाहून त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि उपकार अंगावर ठेवायची त्याला सवय नव्हती. पुढच्या फेरीला त्याने मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर बाईंना म्हणाला, "मावशी, आईचं सगळं तुम्हीच करता. दर महिन्याला मी तुम्हाला पगार सुरू करतो." पुण्यात कामाला येणाऱ्या सगळ्याच बायका मावशी असतात, ते मला तेव्हा आठवलं.

बाई म्हणाल्या, "नको."

"का? तुमचा हक्कच आहे."

"पगार घेतला की मी तुमच्या घरी कामाला लागले. आता काकू खोकल्या तं मी उठते. तवा बी उठंन, पन ड्युटी म्हनून उठंन. ते नको मला. आमी दोघी राहून राहिलो, कोनी कोनाला ठेवलेलं न्हाई."

"पण मला बरं वाटेल ना!"

"तुमाला बरं वाटावं म्हनून मी कामवाली व्हावं का?"

विलास दुखावला. दुखावलेला माणूस जे बोलायचं नसतं नेमकं तेच बोलतो. म्हणाला, "मग लोक म्हणतील, बाई फुकट राहते."

 आयुष्यभर बाई या दोन शब्दांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पाय रोवून उभ्या होत्या. एका बाजूला कामवाली, दुसऱ्या बाजूला फुकटी. मधली जागा त्यांनी स्वतः तयार केली होती आणि ती कोणालाच दिसत नव्हती. त्या मागे गेल्या, पेटी बांधली आणि माझ्या ओसरीवर येऊन म्हणाल्या, "गुरुजी, दुसरी किल्ली द्या."

मी खुंटीकडे वळतो न वळतो तोच रस्त्यावर काठीचा आवाज आला. उन्हात, अनवाणी, डोक्यावर पदर घेऊन यमुनाकाकू येत होत्या आणि मागून विलास "आई, अगं आई" करत येत होता. काकू ओसरीवर चढल्या, बाईंच्या पेटीवर बसल्या, दम घेतला आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, मला बी एक किल्ली द्या. हिच्या बाजूच्या घराची."

"काकू, तुमचं घर समोर आहे," मी म्हणालो.

"असू द्या. तिथं आता पगारी मानसं ठेवनार हायेत म्हने." मग त्या विलासकडे वळल्या. "पुन्यात तुजी लेकरं मी सांभाळली, बाबा. शाळेत नेली, आनली. पगार दिला व्हता का मला?"

"आई, काहीतरीच काय बोलतेस?"

"मंग मी तुज्याकडं फुकट व्हते का? सांग नं. कामाला व्हते का फुकट व्हते?"

विलास खांबाला टेकून उभा राहिला.  शेवटी त्यानेच वाकून पेटीची कडी धरली. पण काकू उठेनात, त्यामुळे त्याला ती उचलता येईना, आणि आधी बाईंनाच हसू फुटलं. पेटी परत समोर गेली. पगाराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मला त्या दिवशी आमच्या गल्लीचा फार अभिमान वाटला. गल्लीने त्यात काहीच केलं नव्हतं, तरीही वाटला.

काकू त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. दोघी अंगणात बसायच्या. बाईंच्या मशीनचा आवाज आणि काकूंची बडबड एकाच वेळी चालू असायची. थंडीत एका सकाळी काकू उठल्याच नाहीत. बाईंनी मला हाक मारली, विलासला फोन करवला आणि तो येईपर्यंत काकूंजवळून हलल्या नाहीत. एरवी त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

तेराव्याला पुण्याहून बरीच माणसं आली होती. पुढच्या खोलीत सतरंजीवर सगळे बसले होते, आणि घरच्या बायकांमध्ये, अगदी मधोमध, कौसल्याबाई. जेवणं वाढायला घेतली तेव्हा विलासच्या ऑफिसमधल्या एका साहेबांनी त्यांच्याकडे बघून विलासला विचारलं, "आणि या कोण?"

 आता हा 'मावशी' म्हणणार, नाहीतर 'आईला सांभाळायच्या' म्हणणार. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण खरंही नव्हतं. बाईंनीही मान वर केली होती.

विलासने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई यांच्याकडे असायची."

बाईंनी पदर सारखा केला आणि साहेबांना म्हणाल्या, "बसा साहेब. जेवल्याबिगर जायचं न्हाई."